देवमाशाच्या पाठीवर राहिलेला टोप

येत्या शनिवारी, 16 मेला, आयर्लंडचे दर्यावर्दी संत ब्रेंडन यांचा सण आहे. लहानपणी हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. वसईच्या कोळीवाड्यात आम्हाला माहीत होते ते आमचे संत गोन्सालो गार्सिया, वसईहून समुद्र ओलांडून जपानला गेलेले आणि 1597मध्ये नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेले. ब्रेंडन मला भेटले ते आयर्लंडला आल्यावर, आणि तेही एका फार वाईट वर्षात.

मी आयर्लंडच्या केरी काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, ट्रलीला आले 2019च्या ऑगस्टमध्ये, नर्स म्हणून. इथला माझा पहिला ईस्टर 12 एप्रिल 2020चा. चर्चचे दरवाजे बंद होते. घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायला मनाई, जायचं ते फक्त कामावर. आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या रात्री अख्खा कोळीवाडा मेणबत्त्या घेऊन चर्चच्या आवारात जमतो. त्या रात्री मी ड्युटीवर होते, चेहऱ्यावर मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, आणि मध्यरात्री आईने पाठवलेला मेणबत्तीचा फोटो मी पहाटे पाच वाजता पाहिला. ज्या जमिनीवर उभी राहायला एवढ्या लांब आले तीच पायाखालून सरकतेय असं वाटायचं. ब्रेंडन यांची गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती, नाहीतर हेच शब्द मला आधीच सापडले असते.

जूनमध्ये आपापल्या काउंटीत फिरायची मोकळीक मिळाली. पहिल्याच सुट्टीला मी फेनिटला गेले. ट्रलीहून गाडीने वीसेक मिनिटांवरचं हे बंदर. धक्क्याजवळ सॅम्फायर नावाचा खडकाळ उंचवटा आहे आणि त्यावर ब्रेंडन यांचा मोठा कांस्य पुतळा, 2004मध्ये उभारलेला. हात समुद्राकडे लांब केलेला, अंगावरचा झगा वाऱ्याने फडफडतोय असा घडवलेला. मी कितीतरी वेळ त्या हाताखाली बसले होते. वास ओळखीचा होता: डिझेल, ओलं जाळं, उन्हात तापलेला दोर. समुद्र मात्र आपल्याकडच्यासारखा गढूळ नव्हता, हिरवा आणि थंड होता.

पुढे वॉर्डातल्या एका वयस्क सहकारी बाईंनी मला ब्रेंडन यांच्या सफरीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती आपल्या आजीकडून ऐकली होती. मग मी वाचनालयातून तिचं इंग्रजी भाषांतर आणलं आणि दोन रात्रींत वाचून काढलं. तेव्हापासून दर मे महिन्यात मी ते पुन्हा वाचते.

ब्रेंडन यांचा जन्म सुमारे 484 सालचा, इथेच फेनिटच्या बाजूला. बिशप एर्क यांनी त्यांना स्नानसंस्कार दिला. लहानपणाची काही वर्षं ते संत इता यांच्याकडे वाढले, म्हणजे एका स्त्रीने त्यांना घडवलं, हे मला आवडतं. पुढे त्यांनी मठ स्थापले. त्यातला सगळ्यात मोठा गॉलवे काउंटीतला क्लॉनफर्टचा. सुमारे 577मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, बहिणीच्या मठात त्यांनी देह ठेवला. एवढं झालं चरित्र. पण लोक त्यांना ओळखतात ते त्यांच्या सफरीच्या लॅटिन कथेमुळे. ती त्यांच्या मृत्यूनंतर काही शतकांनी कुणा अनामिक साधूने लिहिली, आणि मध्ययुगात युरोपभर इतकी वाचली गेली की आजही तिच्या शंभराहून जास्त हस्तलिखित प्रती शिल्लक आहेत.

गोष्ट सुरू होते ती एका पाहुण्यापासून. बॅरिंथस नावाचा साधू येतो आणि सांगतो की पश्चिमेला, दाट धुक्याच्या पलीकडे, 'संतांना वचन दिलेली भूमी' आहे, मी तिथे जाऊन आलोय. ब्रेंडन चौदा जणांना निवडतात. चाळीस दिवस उपास करतात, एका वेळी तीन-तीन दिवसांचे. मग एका डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जेमतेम एक नाव आत शिरेल अशा चिंचोळ्या खाडीत, ते होडी बांधतात. ती खाडी आजही दाखवतात. डिंगल द्वीपकल्पावर, ब्रँडन डोंगराच्या खाली, ब्रँडन क्रीक.

होडी कशी बांधली ते लिहिणाऱ्याने व्यवस्थित सांगितलंय. लाकडाचा सांगाडा, त्यावर बैलाची कातडी. कातडी ओकच्या सालीत कमावलेली, जोडांवर बाहेरून चरबी चोपडलेली. वर आणखी दोन होड्यांना पुरतील एवढी कातडी बरोबर घेतली, ती मऊ ठेवायला चरबी घेतली आणि चाळीस दिवसांचा शिधा. मधोमध डोलकाठी, शीड, सुकाणू.

हे मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. बाबा आयुष्यभर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते, आता गुडघ्यांमुळे बोटीवर जात नाहीत. त्यांनी मध्येच थांबवलं. "जोडांना चरबी लावली म्हणतेस ना? मग ज्याने लिहिलंय त्याने होडी पाहिलेय." त्यांच्या वडिलांच्या काळी होडीच्या लाकडाला मुशीच्या काळजाचं तेल लावायचे. त्याचा वास कपड्यांतून महिनाभर जात नसे. देवाधर्माच्या गोष्टीत सहसा असलं काही नसतं, असं बाबांचं म्हणणं. माझंही तेच मत झालं. जिथे चरबीचा हिशोब दिलाय तिथे पुढच्या चमत्कारांकडेही मी जरा जास्त लक्ष देते.

आणि ती होडी खरंच तरते. टिम सेवरिन नावाच्या माणसाने ते करून दाखवलं. 36 फुटांची होडी, 49 बैलांची कातडी, ओकच्या सालीतच कमावलेली, लोकरीच्या तेलाने माखलेली. 17 मे 1976ला ते ब्रँडन क्रीकमधून निघाले. हेब्रिडीज, फॅरो बेटं, आइसलँड. हिवाळ्यात होडी तिथेच ठेवली, पुढल्या वर्षी पुन्हा निघाले, वाटेत बर्फाने कातडं फाटलं तर भर समुद्रात त्यावर ठिगळ शिवलं, आणि 26 जून 1977ला न्यूफाउंडलंडच्या एका बेटाला लागले. ती होडी आता क्लेअर काउंटीत क्रॅगॉनोवेनला ठेवली आहे. मी पाहून आले. बाहेरून बघितली तर एखाद्या म्हाताऱ्या जनावरासारखी दिसते, सुरकुतलेली, काळपट. याच सेवरिन यांनी नंतर ओमानमध्ये अरबी पद्धतीचं जहाज बांधलं, खिळे न वापरता, मलबारच्या लाकडाचं आणि नारळाच्या काथ्याने शिवलेलं. बाबांना याचं नवल वाटलं नाही. काथ्याने शिवलेल्या होड्या कोकणात त्यांनी पाहिल्या आहेत, आणि गोव्यात तशीच शिवून बांधलेली 'कौंडिण्य' 2025मध्ये आपल्या नौदलात आली तेव्हा त्यांनीच मला बातमी पाठवली होती.

तर होडी निघते. निघता निघता आणखी तिघे साधू धावत येतात, आम्हालाही न्या म्हणून हट्ट धरतात. ब्रेंडन नेतात, पण त्यांना आधीच कळलेलं असतं की हे तिघे परत येणार नाहीत. पंधरा दिवस वारा चांगला लागतो, मग एकदम पडतो. साधू-भाऊ वल्ही मारतात, मारतात, शेवटी हात चालेनासे होतात. तेव्हा ब्रेंडन म्हणतात, वल्ही आत घ्या, सुकाणूही सोडा, फक्त शीड राहू द्या. देवच आपला खलाशी आणि देवच आपला सुकाणूवाला.

इथे मला खात्री होती की बाबा चिडणार. कुठला तांडेल सुकाणू सोडायला सांगेल? पण बाबा म्हणाले, "वारा नाही, तर सुकाणू धरून करायचंय काय? पोरं दमलेली दिसली असतील त्याला. दमलेल्या खलाशाला कुणीतरी 'बस' म्हणायला लागतं गो. तो स्वतःहून थांबत नाही." मी या वाक्याकडे श्रद्धेचा मोठा क्षण म्हणून बघत होते. बाबांनी त्यात एका म्हाताऱ्या नाखव्याची माया पाहिली. आता मला दोन्ही दिसतं.

पुढे मेंढ्यांचं बेट लागतं. मेंढ्या बैलांएवढ्या, कारण त्यांचं दूध कुणी काढत नाही. तिथे एक भला माणूस त्यांना शिधा देतो आणि सांगतो, ईस्टर पलीकडच्या बेटावर करा. ते बेट म्हणजे नुसता उघडा कातळ. गवत नाही, वाळू नाही, कुठेकुठे वाहून आलेलं लाकूड पडलेलं. भाऊ उतरतात, रात्रभर प्रार्थना करतात. ब्रेंडन मात्र होडीतच राहतात. सकाळी सगळ्यांची मिस्सा, म्हणजे उपासना, होते, मग भाऊ मांसाला आणि मासळीला मीठ लावायला काढतात, लाकडं गोळा करतात, टोप चढवतात. टोपाला उकळी फुटते आणि बेट हलायला लागतं.

सगळे होडीकडे पळतात. ब्रेंडन एकेकाला हात देऊन वर ओढून घेतात. बेट पाण्यावरून दूर निघून जातं, आणि पाठीवर पेटलेली ती चूल दोन मैलांवरूनही दिसत राहते. मग ब्रेंडन सांगतात की तो मासा होता, समुद्रातला सगळ्यात मोठा. त्याचं नाव यास्कोनियस. आयरिश भाषेत माशाला 'इअस्क' म्हणतात, त्यावरून. तो सारखा आपली शेपटी तोंडाला लावायला बघतो, पण इतका लांब आहे की त्याला ते जमत नाही. ब्रेंडन यांना हे रात्रीच दृष्टान्तात कळलं होतं. भाऊ घाबरतील म्हणून ते बोलले नाहीत.

बाबांनी विचारलं, "आणि टोप?"

"कुठला टोप?"

"चुलीवरचा. तो राहिला ना तिथेच?"

मी दोनदा वाचलं होतं, पण टोपाचा विचार माझ्या मनात आला नव्हता. बोटीवर टोप एकच असतो. तो गेला तर पुढचे पंधरा दिवस भात कशात शिजवायचा, हा प्रश्न ज्याला पडतो तो माणूस गोष्ट वेगळी ऐकतो. मी त्यांना म्हटलं, थांबा, पुढे वाचते.

पुढे पक्ष्यांचं बेट आहे. एका झाडावर पानं दिसणार नाहीत इतके पांढरे पक्षी. ते देवाविरुद्धच्या बंडात पडलेले, पण स्वतः बंड न केलेले देवदूत. ते वेळेवेळेला स्तोत्रं गातात. त्यातला एक पक्षी होडीच्या नाळेवर येऊन बसतो आणि ब्रेंडन यांना सांगतो: तुमचं एक वर्ष झालं, सहा राहिलीत. दरवर्षी पवित्र गुरुवार मेंढ्यांच्या बेटावर, ईस्टर माशाच्या पाठीवर, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा पेन्टेकॉस्टचा सण आमच्याकडे, आणि नाताळ संत आल्बे यांच्या मठात. तो मठ मुक्या साधूंचा. ऐंशी वर्षं तिथे कुणी म्हातारं झालेलं नाही, आणि दिवे लावायला खिडकीतून जळता बाण आपोआप येतो.

म्हणजे सात वर्षं ते पुढे जातच नाहीत. गोल फिरतात. मला या कथेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, आणि लोक नेमकी तीच सोडून देतात. इथे कुणाशीही बोला, पहिला प्रश्न एकच: ब्रेंडन कोलंबसाच्या आधी अमेरिकेला पोचले का? मेंढ्यांचं बेट म्हणजे फॅरो, कारण त्या नावाचा अर्थच मेंढ्यांची बेटं. जळते गोळे फेकणाऱ्या लोहारांचं बेट म्हणजे आइसलँडचा ज्वालामुखी. समुद्रात उभा असलेला स्फटिकाचा खांब म्हणजे हिमनग. असेलही. आयरिश साधू त्या बाजूला जात हे तर खरंच आहे. डिक्विल नावाच्या आयरिश साधूने 825च्या सुमारास लिहून ठेवलंय की काही धर्मगुरू 1 फेब्रुवारी ते 1 ऑगस्ट त्या उत्तरेच्या बेटावर राहून आले, आणि तिथे उन्हाळ्यात मध्यरात्रीही इतका उजेड असतो की सदऱ्यातल्या उवा वेचता येतात. ते वाक्य वाचलं की मला तो माणूस समोर बसलेला दिसतो. पण ज्याने ब्रेंडन यांची कथा लिहिली त्याला नवी जमीन शोधायची घाई नाही. त्याची होडी सणांच्या मागे फिरते. आमच्या बाबांची बोटही अशीच फिरायची. जूनच्या आधी किनाऱ्याला, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात, नाताळला घरी, ईस्टरला घरी. त्यांचं कॅलेंडर समुद्राने आणि चर्चने मिळून केलेलं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या ईस्टरला होडी पुन्हा त्या माशापाशी येते. आणि त्याच्या पाठीवर त्यांचा टोप असतो. आदल्या वर्षी टाकून पळालेले तो. कथेत हे एका ओळीत येतं आणि संपतं. मी ती ओळ बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते "हां" म्हणाले, घरचं माणूस सुखरूप पोचल्याचं कळल्यावर म्हणतात तसं.

2021च्या ईस्टरला मी परत रात्रपाळीला होते, त्याच वॉर्डात. चर्च अजून बंदच होतं. पण या वेळी ऑक्सिजनचे मास्क कुठल्या कपाटात आहेत ते अंधारात हात घालून सापडत होते, लस घेऊन झाली होती, आणि पहाटे ती सहकारी बाई माझ्यासाठी घरून गरम गोड पाव घेऊन आली होती. त्या पहाटे मला टोप आठवला.

आणखी एक प्रसंग सांगते. तो मी बाबांना अजून सांगितलेला नाही. सातव्या वर्षी त्यांना समुद्रात एका खडकावर एक माणूस बसलेला दिसतो. लाटा त्याच्यावर आपटतायत, त्याच्यासमोर दोन लोखंडी आकड्यांवर एक फडकं टांगलंय आणि वाऱ्याने ते त्याच्या डोळ्यांवर, कपाळावर फटकारतंय. तो यूदास इस्कार्योत, येशूला पैशांसाठी पकडून देणारा शिष्य. ब्रेंडन यांना वाटतं ही शिक्षा. तो म्हणतो, नाही, ही माझी विश्रांती आहे. रविवारची आणि मोठ्या सणांची. बाकीचे दिवस मी नरकात जळतो. फडकं त्याने कधीतरी एका कुष्ठरोग्याला दिलेलं, पण ते स्वतःच्या पैशाचं नव्हतं म्हणून ते त्याला सुख देत नाही. लोखंडी आकडे त्याने मंदिरातल्या याजकांना टोप टांगायला दिलेले. आणि ज्या खडकावर तो बसलाय तो दगड त्याने येशूचा शिष्य होण्याच्या आधी रस्त्यातल्या खड्ड्यात टाकला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाय पडू नये म्हणून.

संध्याकाळी भुतं त्याला न्यायला येतात. ब्रेंडन त्यांना अडवतात: आज रात्री नाही, सकाळपर्यंत नाही. ते त्याला सोडवू शकत नाहीत. एक रात्र तेवढी मिळवून देतात.

मी अनेक रात्री अशा माणसांच्या उशाशी काढल्या आहेत ज्यांच्यासाठी आता करण्यासारखं काही उरलेलं नसतं. कूस बदलायची, ओठ ओले करायचे, दुखण्याचं औषध वेळेवर द्यायचं. हे वाचेपर्यंत त्या कामाला काय म्हणायचं ते मला कळत नव्हतं. आणि तो खड्ड्यातला दगड! एवढ्या मोठ्या पाप्याच्या नावावरही तो एक दगड कुणीतरी जपून लिहून ठेवला. हे लिहिणाऱ्या त्या साधूचं नाव मला कळलं असतं तर त्याच्यासाठी मी मिस्सा सांगितली असती.

दोन वर्षांपूर्वी मी ब्रँडन डोंगर चढले, पश्चिमेच्या बाजूने, जुन्या यात्रेच्या वाटेने. 952 मीटर. वाटेत पांढरे क्रूस आहेत. अर्ध्यात ढग आला आणि पुढच्या माणसाचं फक्त पाऊल दिसू लागलं. माथ्यावर दगडी प्रार्थनागृहाचे अवशेष आहेत आणि एक क्रूस. खाली समुद्र आहे हे नुसतं आवाजावरून कळत होतं. मी तिथे बसून सँडविच खाल्लं, आमच्या कोळीवाड्यासाठी आणि बाबांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. उतरताना ढग एकदम फाटला आणि खाली, एवढीशी, ती चिंचोळी खाडी दिसली. एक नाव आत शिरेल एवढीच.

यंदाचा ईस्टर 5 एप्रिलला झाला. त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी बाबांना फोन लावला आणि शेवटचा भाग वाचून दाखवला. सातव्या वर्षी ते पुन्हा यास्कोनियसच्या पाठीवर उतरतात. मिस्सा होते, आणि मासा हलतो. भाऊ पुन्हा घाबरतात. पण या वेळी ब्रेंडन त्यांना होडीत ओढून घेत नाहीत. भिऊ नका, म्हणतात, तो आपल्याला मदतच करतोय. आणि तो मासा त्यांना पाठीवर घेऊन, एकालाही पाण्यात न पाडता, थेट पक्ष्यांच्या बेटाच्या किनाऱ्याला नेऊन सोडतो. त्यानंतरच त्यांना धुक्यापलीकडची ती भूमी लागते. तिथे ते चाळीस दिवस चालतात, मधली नदी ओलांडता येत नाही, एक तरुण येऊन सांगतो की आता फळं घ्या, रत्नं घ्या आणि घरी जा.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे कुणाच्या तरी बोटीचं इंजिन चालू होतं, ते बंद झालं.

मग म्हणाले, "तुला तिथे किती वर्षं झाली गो बाय?"

"ऑगस्टमध्ये सात होतील."